नारळ न फोडता झालेला मेळावा

हे प्रकरण अंबाजोगाईचं आहे. मेळावे दोन: पहिला फसला, दुसरा बऱ्यापैकी जमला. दोन्हींचा हेतू एकच होता, संगणकावर गाणी रेकॉर्ड करणाऱ्या आपल्या भागातल्या माणसांना एका जागी बसवून चार गोष्टी शिकवायच्या. दोन्ही मीच भरवले, त्यामुळे खापर फोडायला दुसरं डोकं नाही.

ही माणसं कोण, ते आधी सांगतो. अंबाजोगाई, परळी, केज, धारूर, रेणापूर, अहमदपूर, गंगाखेड या पट्ट्यात 'स्टुडिओ' म्हणजे बहुतेकदा भिंतींना जुन्या गाद्या आणि वर मॅटिंग ठोकलेली दहा बाय दहाची खोली. मालक दिवसा मोबाइल रिपेअरिंग करतो, मंडप-साउंडचा धंदा करतो किंवा शाळेत शिकवतो. एक लॅपटॉप, एक स्वस्तातला कंडेन्सर माईक, दोन इनपुटांचं साउंड कार्ड, झालं. या धंद्याचं पंचांग ठरलेलं असतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये 14 एप्रिलच्या जयंतीची गाणी, मग लग्नसराईची, जुलैमध्ये 1 ऑगस्टच्या अण्णाभाऊ साठे जयंतीची, त्यामागोमाग गणपतीची आणि मग देवीची. अंबाजोगाईत योगेश्वरीचा उत्सव मार्गशीर्षातही असतो, त्यामुळे इथे देवीच्या गाण्यांना दोनदा हंगाम येतो. मधल्या काळात भजनी मंडळं, गोंधळी, कीर्तनकार यांचं काम चालूच असतं.

ही सगळी मंडळी काम करता करताच शिकलेली. कुणी हिंदी व्हिडिओ बघून, कुणी लातूरच्या एखाद्या स्टुडिओत वर्षभर चहा आणून देता देता. सॉफ्टवेअर कुणाकडे एफएल स्टुडिओ, कुणाकडे 2009 सालचं क्यूबेस 5, कुणाकडे रीपर, मोबाईलवर काम करणारेही आहेत. आणि खोटं कशाला सांगू, बहुतेकांकडे क्रॅक, म्हणजे पैसे न भरता कुलूप तोडून चालवलेली प्रत.

पहिला मेळावा

पहिला मेळावा जानेवारीत घेतला. मंगल कार्यालय, प्रवेश मोफत, मोठ्या शहरातून आणलेले एक जाणकार पाहुणे. साठेक माणसं आली आणि मी खूश झालो. 11 ची वेळ दिली होती. दीपप्रज्वलन, नारळ, शाली, प्रास्ताविक, तीन मान्यवरांची मनोगतं उरकून प्रत्यक्ष विषयाला हात लागला तेव्हा साडेबारा वाजून गेले होते.

पाहुण्यांचा त्यांच्या विषयात हात धरणारा कुणी नव्हता. पण त्यांनी सॉफ्टवेअर दाखवलं ते दुकानदार साड्या दाखवतो तसं, एकेक घडी उलगडत. हा कंप्रेसर, हा गेट, हा इक्वलायझर. नमुन्याला घेतलेलं गाणं इंग्रजी बँडचं. त्यात ड्रमसेटला आठ माईक लावलेले. समोर बसलेल्यांपैकी एकानेही जन्मात ड्रमसेट रेकॉर्ड केलेला नव्हता. त्यांच्याकडे ढोलकी, संबळ, पखवाज आणि टाळ. खिडक्यांना पडदे नव्हते, म्हणून प्रोजेक्टरवर अर्धं दिसत नव्हतं. कंप्रेसर, म्हणजे आवाजातले चढउतार आवळणारं साधन, त्याने पडणारा बारीक फरक कार्यालयाच्या त्या घुमणाऱ्या स्पीकरांवर मला स्वतःलाही ऐकू येत नव्हता. जेवणानंतर निम्मे लोक पांगले.

शेवटची दहा मिनिटं प्रश्नांना ठेवली होती. मागच्या रांगेतून परळीकडचा एक तरुण उठला. मंडपवाल्याचा मुलगा, स्वतः गाणी करतो. म्हणाला, "सर, माझं गाणं मोबाईलवर चांगलं वाजायलंय, पण कर्ण्यावर लावलं की गाणाराच मरायलाय. म्युझिक ऐकू येतंय, आवाज गायब. काय करावं?"

सभागृह हसलं. पाहुण्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं की कर्ण्यासाठी मिक्सिंग त्यांनी कधी केलेलं नाही, स्पीकर तपासून बघा. तो मुलगा "बरं" म्हणून खाली बसला. दिवसभरात कामाचा असा तो एकच प्रश्न आला होता, आणि आम्ही तो हसण्यावारी नेला.

भरीस भर म्हणजे कुणाच्या तरी पेन ड्राइव्हमधून सगळ्या फोल्डरांचे शॉर्टकट करून टाकणारा व्हायरस पसरला. दोन दिवसांनी फोन यायला लागले. शिकून काय गेले माहीत नाही, व्हायरस मात्र घेऊन गेले.

मधले आठ महिने

त्यानंतर मी एक साधं काम केलं. गाडीला किक मारली आणि आलेल्यांपैकी पंधरा-सोळा जणांच्या खोल्यांवर जाऊन बसलो. "तुम्हाला काय शिकायचंय?" हे विचारलंच नाही. विचारलं, "सध्या कुठलं गाणं अडलंय?"

उत्तर प्रत्येकाकडे होतं, आणि ते एका ठरावीक गाण्याबद्दलच होतं. कंप्रेसर म्हणजे काय, असं कुणीही विचारलं नाही. एकाच्या रेकॉर्डिंगमध्ये सतत 'घूं' असा आवाज येत होता. एकाच्या गायिकेला हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज मागून ऐकू यायचा. एकाची सातमात्रांची चाल सॉफ्टवेअरच्या चौकोनांत बसत नव्हती. एका भजनी मंडळाची पेटी आणि संगणकातले तंतुवाद्यांचे सूर एकमेकांशी भांडत होते. आणि कर्ण्याचा प्रश्न पाच जणांना होता. त्या मुलाला हसणाऱ्यांनाही तोच प्रश्न होता, हे तेव्हा कळलं.

त्यामुळे दुसऱ्या वेळी नियम एकच केला: अडलेलं गाणं घेऊन यायचं. गाणं नसेल तर प्रवेश नाही. जागा 20, शुल्क 300 रुपये, त्यातच जेवण. मोफत ठेवलं की माणूस येतो कार्यक्रमाला. तीनशे दिले की कामाला येतो, असं माझं मत झालंय. दोन मित्रांनी यावर माझ्याशी वाद घातला, गरीब पोरं येणार नाहीत म्हणाले. ती आली. पैसे भरून न आलेले दोघे चांगले सुस्थितीतले होते.

तारखेवर मात्र बराच काथ्याकूट झाला. कुठलाही महिना काढला तरी कुणाचा ना कुणाचा हंगाम. आषाढात टाळकरी वारीला, श्रावणात सप्ताह, मेमध्ये साउंडवाले लग्नांत. शेवटी 17 सप्टेंबर ठरली. मुक्तिसंग्राम दिनाची मराठवाड्यात सुट्टी असते, झेंडावंदन करून लोक दहापर्यंत मोकळे होतात. आणि 2025 साली ती तारीख पितृपक्षात आली होती. पितृपक्षात लग्न नाही, मुहूर्त नाही, कुणी नवं गाणं सुरू करत नाही. हॉल रिकामा, मंडपवाला रिकामा. पण पाचच दिवसांवर घटस्थापना, म्हणजे प्रत्येकाच्या लॅपटॉपमध्ये देवीचं गाणं अर्धवट अवस्थेत आणि डोक्यावर तारीख. यापेक्षा चांगला विद्यार्थी मिळत नाही.

एका ज्येष्ठांनी सुचवलं, निदान नारळ तरी फोडा. मग तेच म्हणाले, पण पक्षपंधरवड्यात नको. असा उद्घाटनाचा विषय आपोआप मिटला. पूर्वजांनी आमचा दीड तास वाचवला.

तारा, माती आणि पाणी

अशा मेळाव्यात आयोजकाचं निम्मं काम इलेक्ट्रिशियनचं असतं. जागा एका वाचनालयाचा वरचा हॉल. आदल्या दिवशी साउंड कार्ड लावून बघितलं तर खर्जात घरघर. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे ही घरघरही 50 आणि तिच्या पटीत, 100, 150 अशी बसते. लॅपटॉपचा चार्जर काढला की शांत, लावला की सुरू. दोष माईकचा नव्हता, अर्थिंगचा होता. मागच्या बाजूला अर्थिंगचा खड्डा शोधला, कोरडा ठणठणीत. वायरमनने जोड घासून घट्ट केला, खड्ड्यात मीठ टाकून दोन बादल्या पाणी ओतलं. घरघर बरीचशी बसली. अनेकांनी यावर घरी वेगळाच उपाय केलेला असतो, प्लगची जाड तिसरी पिन कापून टाकायची. आवाज जातो खरा, पण मग धातूच्या बॉडीला हात लावला की मुंग्या येतात, आणि ओल्या फरशीवर त्या मुंग्या जिवावर बेततात. हे दुसऱ्या दिवशी मी सगळ्यात आधी, चहाच्याही आधी सांगितलं.

टेबलं पाच लावली, चारांना मदतनीस, पाचवं मोकळं. स्पीकर मुळीच नाहीत. प्रत्येक टेबलावर एका तारेचे चार हेडफोन करणारा छोटा डबा. वीस लॅपटॉप एका हॉलमध्ये स्पीकरवर वाजले असते तर बैलपोळा झाला असता.

फायलींच्या बाबतीत मी एक चूक केली आणि सुदैवाने ती चार दिवस आधी सापडली. मी सगळ्यांना सांगितलं होतं की प्रोजेक्ट आधी पाठवून ठेवा. फायली आल्या, उघडल्या, आत एकही आवाज नाही. प्रोजेक्टची फाईल म्हणजे नुसती यादी असते: अमुक आवाज तमुक फोल्डरमधून घे, इथून इथपर्यंत वाजव. आवाज राहिले होते मालकांच्या संगणकात, माझ्याकडे आली होती काही केबींची कागदपत्रं. रीपरमध्ये 'सेव्ह ॲज' करताना सगळा मीडिया प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये कॉपी करायची खूण असते. एफएल स्टुडिओत सगळं एकत्र बांधून झिप करायची सोय आहे. हे फोनवर वीस जणांना समजावण्यात दोन संध्याकाळी गेल्या. पण मेळाव्याचा पहिला धडा तिथेच झाला. केजच्या एकाने त्या रात्री पहिल्यांदा आपली तीन वर्षांची गाणी आवाजांसकट हार्ड डिस्कवर घेतली.

पेन ड्राइव्हसाठी दारातच एक जुना संगणक लिनक्स टाकून ठेवला, त्यावर विंडोजचे व्हायरस चालत नाहीत. प्रत्येक पेन ड्राइव्ह आधी तिथे. पहिल्या वेळचा चटका विसरलो नव्हतो.

17 सप्टेंबर

अठरा जण आले. टेबलांची वाटणी मी सॉफ्टवेअरप्रमाणे केली होती: इथे एफएलवाले, तिथे क्यूबेसवाले, पलीकडे रीपरवाले. तासाभरात लक्षात आलं की जमत नाही. एफएलच्या टेबलावर चौघांचे चार वेगळे आजार, आणि तोच आजार असलेला माणूस तीन टेबलं सोडून बसलेला. मग साडेअकराला सगळ्यांना उठवलं आणि आजाराप्रमाणे बसवलं. त्यात अडचण अशी की मदतनिसाला एका सॉफ्टवेअरची बटणं तोंडपाठ, दुसऱ्याची नाहीत. पण बटण शोधायला शेजारचा मदत करतो. आजार कोणता हे सांगणारा लागतो. पुढच्या वेळी सुरुवातच अशी करायची.

गायिकेला आवाज मागून ऐकू येण्याचा प्रश्न अर्ध्या तासात सुटला. त्या दादाने बफर, म्हणजे संगणक आवाजाचे किती नमुने साठवून मग पुढे देतो तो आकडा, 1024 वर ठेवला होता. 44,100 च्या सॅम्पल रेटला, म्हणजे सेकंदाला तेवढे नमुने धरले तर, 1024 म्हणजे एकाच बाजूचे 23 मिलिसेकंद. आत येताना तेवढे आणि बाहेर जाताना तेवढे. आकड्याने कुणाच्या चेहऱ्यावर उजेड पडला नाही. मग मदतनीस म्हणाला, 23 मिलिसेकंदात आवाज हवेतून आठ मीटर जातो. म्हणजे तुम्ही गायला लागलात आणि पेटीवाला सोळा मीटर लांब, मांडवाच्या दाराशी बसलाय. हे भजनी माणसाला लगेच कळतं. बफर 128 केला, साउंड कार्डचा स्वतःचा, आवाज लवकर पोहोचवणारा एसिओ ड्रायव्हर निवडला, पेटीवाला मांडीला मांडी लावून बसला. मिक्सिंगच्या वेळी बफर पुन्हा वाढवायचा, नाहीतर जुना लॅपटॉप धापा टाकतो.

पेटीचं प्रकरण जास्त गोड होतं. मंडळाची जुनी पेटी, गायचं काळी एकमध्ये. संगणकातली तंतुवाद्यं 440 हर्ट्झच्या मापाची, पेटी मोजली तर 446 च्या मापाने लागलेली. स्टुडिओवाला दोन दिवस सॉफ्टवेअरने पेटीचा सूर ओढून खाली आणायचा प्रयत्न करत होता, त्यात पेटी कुईकुई करायला लागली. पेटीला कशाला हात लावायचा? संगणकातली वाद्यं 23 सेंटनी वर घेतली. सेंट म्हणजे दोन लगतच्या स्वरांमधल्या अंतराचा शंभरावा भाग. मिनिटाचं काम. मंडळाचे बुवा सोबत आले होते, त्यांनी हेडफोन लावून ऐकलं आणि म्हणाले, "आता बसला की ओ."

मला सगळ्यात जास्त शिकवलं ते रूपक तालाने. धारूरच्या एका तरुणाचं देवीचं पद, रूपकात. सॉफ्टवेअर उघडलं की चार मात्रांचा हिशेब घेऊन उघडतं, त्याने तो तसाच ठेवला होता, त्यामुळे कॉपी-पेस्ट केलेला प्रत्येक तुकडा सरकायचा. सात मात्रा लावून दिल्या. चौकोन जुळले. तरी ढोलकीवाला चुकतच होता. तयारीचा वादक, मंचावर कधी न चुकणारा, आणि क्लिक, म्हणजे हेडफोनमध्ये मात्रा मोजणारा संगणकाचा ठोका, त्याच्याबरोबर वाजवताना चौथ्या मात्रेवर सम, म्हणजे पहिली मात्रा, धरून बसायचा. दोनदा, तीनदा. मला आधी वाटलं, सवय नाही. मग तोच वैतागून म्हणाला, "सर, हे यंत्र समेवर ठोकायलंय. रूपकात समेवर खाली असती."

खरंच की. तीं तीं ना, धी ना, धी ना. रूपकाची सम हीच त्याची खाली, म्हणजे बिनजोराची मात्रा. भरीचे, म्हणजे जोराचे, ठोके चौथ्या आणि सहाव्या मात्रेवर. पण क्लिक मात्र दर आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर 'टिंग' करून मोठ्याने वाजतो आणि बाकीच्यांवर हळू. वादकाचा कान मोठ्या ठोक्याला भरी समजतो, आणि सम घसरते. क्लिकचा नमुना बदलला: पहिली हळू, चौथी आणि सहावी मोठी. पहिल्याच टेकमध्ये पद पुरं झालं. पंधरा वर्षं मी या धंद्यात आहे, रूपकाची खालीही मला माहीत होती आणि क्लिकचा 'टिंग'ही. दोन्ही कधी शेजारी ठेवून बघितले नव्हते.

गोंधळाच्या गाण्यांना हा उपाय चालत नाही, हेही तिथेच बोलणं झालं. संबळ चढत जातो, त्याला क्लिकचं जू घालायचं नसतं. आधी मोकळं रेकॉर्ड करायचं आणि नंतर लयीच्या खुणा गाण्यामागून ओढत न्यायच्या.

कर्णा

12 वाजून 20 मिनिटांनी लाइट गेली. परळीचं औष्णिक वीज केंद्र आमच्यापासून हाकेच्या अंतरावर, आणि हे आमचं नशीब. पण लॅपटॉप बॅटरीवर, साउंड कार्डं यूएसबीवर, त्यामुळे काम थांबलं नाही. उलट पंखे बंद झाल्याने ऐकू जास्त यायला लागलं.

कर्णा मी मुद्दाम मागवून ठेवला होता. पहिल्या मेळाव्यातल्या त्या मुलाच्याच वडिलांचा, आणि त्यांचा ॲम्प्लिफायर 12 व्होल्टच्या गाडीच्या बॅटरीवर चालणारा. मुलाने लॅपटॉप जोडला, कर्णा खिडकीबाहेर बांधला. गाणं लावलं. ढोलकीचा वरचा काठ वाजतोय, टाळ वाजतायत, कोरस ऐकू येतोय, आणि मुख्य गायिका खरोखरच नाही. जणू कुणी तिला उचलून नेलंय.

त्याचं गाणं टेबलावर उघडलं. गायिकेचा ट्रॅक त्याने दोनदा ठेवला होता, एक पूर्ण डावीकडे, एक पूर्ण उजवीकडे, आणि एकाची ध्रुवता उलटी केली होती. कुठल्याशा व्हिडिओत 'आवाज मोठा आणि पसरट करायची युक्ती' म्हणून हे दाखवलं होतं. हेडफोनवर पसरट वाटतंच. पण कर्ण्याला डावं-उजवं नसतं, तो दोन्ही बाजू एकत्र करून एकच आवाज काढतो. आणि एक लाट वर जाताना तीच दुसरी लाट खाली जात असेल तर बेरीज शून्य. गायिकेला त्यानेच वजा केलं होतं.

मास्टरवरचं मोनोचं, म्हणजे डावं-उजवं एकत्र करणारं, बटण दाबलं, हेडफोनमध्येही गायिका गायब. पुन्हा दाबलं, हजर. त्या मुलाने ते बटण आठ-दहा वेळा दाबलं. नंतर टेबलाभोवती जमलेल्या प्रत्येकाने आपापलं गाणं मोनोत ऐकलं. कर्ण्याची तक्रार असलेल्या पाचांपैकी तिघांकडे हीच युक्ती किंवा तिची चुलत बहीण, आवाज रुंद करणारा प्लगइन (सॉफ्टवेअरला जोडायचा छोटा प्रोग्राम), निघाली.

उरलेल्या दोघांचा प्रश्न वेगळा होता, त्यांचा बेस गायब व्हायचा. कर्ण्याचं तोंड लहान, त्यातून साधारण 300 हर्ट्झच्या खालचं फारसं बाहेर पडतच नाही. तिथे बेस वाढवत नेला तर फक्त ॲम्प्लिफायर तापतो. त्यावर इलाज म्हणजे बेसला थोडं सॅच्युरेशन, म्हणजे हलकीशी फाट, देऊन त्याच्या वरच्या पट्ट्यांतले अंश तयार करायचे. मूळ खर्ज ऐकू आला नाही तरी वरच्या अंशांवरून कान तो भरून काढतो. छोट्या मोबाईलवर तबल्याचा बायां 'ऐकू येतो' तो याच न्यायाने.

कर्णा दोन तास चालू होता. खाली रस्त्यावरून एकाने वर येऊन विचारलं, "काय हाय आज, सप्ताह हाय का?" त्याला खिचडी-मठ्ठा खाऊ घालून परत पाठवलं.

क्रॅकचं काय

हा विषय टाळता येत नाही. कुणाच्या लॅपटॉपमध्ये काय आहे हे आम्ही विचारलं नाही, पण क्रॅक देणं, टाकून देणं, दुरुस्त करणं यांपैकी काहीही हॉलमध्ये होणार नाही हे आधीच सांगितलं होतं. सकाळी दोघांची गाणी उघडेनात, कारण अँटिव्हायरसने प्लगइनचाच तुकडा काढून टाकलेला. त्या आजारावर आमच्याकडे औषध नव्हतं.

रीपर वापरून बघा असं मी सुचवलं. साठ दिवस पूर्ण चालतं, इन्स्टॉलर दोन-तीन गाण्यांच्या फायलींएवढा, आणि लहान धंद्याला 60 डॉलर, म्हणजे पाच हजारांच्या आसपास. एफएल स्टुडिओचीही मोफत आवृत्ती आहे, पण त्यात सेव्ह केलेलं गाणं विकत घेतल्याशिवाय पुन्हा उघडत नाही. एका बैठकीत गाणं संपवणाऱ्यालाच ती चालेल. यावर एक जण म्हणाला, "सर, साठ दिवसांनंतर बी चालतंयच की ते. नुसती खिडकी येती, पैसे भरा म्हणून." खरं आहे, चालतं. मी त्याला एवढंच म्हणालो की सकाळी तुम्हीच सांगत होता, तुमचं गाणं दुसऱ्या चॅनेलवाल्याने उचलून टाकलं म्हणून. तो हसला आणि विषय बदलला. नंतर दोघांनी परवाना घेतला. तो त्यांत नव्हता.

जे सुटलं नाही

अठरापैकी अकरा गाणी त्या दिवशी मार्गी लागली, चार अर्धी, तीन नाही. न सुटलेल्यांत एक संबळाचं रेकॉर्डिंग होतं. माईकचा गेन, म्हणजे आवाज आत घेण्याची पातळी, एवढा चढवलेला की प्रत्येक घाव माथ्यावर सपाट कापला गेलेला. त्याला इलाज नाही, पुन्हा रेकॉर्ड करायचं. आणि गोंधळी काका तोवर दुसऱ्या गावी निघून गेले होते. संबळाला सगळ्यात जोराच्या घावावरही मीटर उणे 12 डेसिबलच्या आसपास थांबेल एवढाच गेन ठेवायचा, हे आम्ही त्या गाण्याच्या तेराव्यालाच बोलत होतो म्हणा.

महिला दोनच आल्या. त्यांतल्या संगीत शिक्षिकांनी शाळेतल्या मुलांचं समूहगीत मोबाईलवर घेऊन ऑडॅसिटी या सॉफ्टवेअरमध्ये साफ केलं होतं, आणि नॉइज रिडक्शन 24 डेसिबल लावल्याने मुलं पाण्याखालून गातायत असं वाटायचं. ते 8 वर आणलं, पंख्याची थोडी घरघर राहू दिली, मुलं पाण्याबाहेर आली. पण मॅडमना 4 वाजता एसटी गाठायची होती आणि त्यांचं दुसरं गाणं तसंच राहिलं. घोषणेत मी 'सायंकाळी 6 पर्यंत' असं लिहिलं होतं. तालुक्याच्या बाहेरून येणाऱ्या बाईने ते वाचून घरीच थांबायचं ठरवलं तर दोष तिचा नाही. आता वेळ 10 ते 3:30 अशीच लिहितो.

हिशेब असा: जमा 6,000. हॉल 1,000, जेवण 26 ताटांचे 2,340, चार मदतनिसांचा प्रवास 1,600, वायर, बोर्ड आणि हेडफोनचे डबे मिळून 850. शिल्लक 210. पहिल्या मेळाव्यात नुसत्या शाली आणि हारांवर याहून जास्त गेले होते. मदतनिसांना मानधन देता आलं नाही, ही खरी उणीव. चौघांपैकी एकाने ती बोलूनही दाखवली, आणि त्याचं बरोबर आहे. दुसऱ्यांदा प्रवासखर्चावर तो येणार नाही.

त्यानंतर मोठा मेळावा घ्यायचा नाही, सात-आठ जणांनी महिन्यातून एकदा बसायचं, असं ठरलं. वार कुठला, यावर पुन्हा तोच घोळ. कुणाचा रविवार लग्नात, कुणाचा सोमवार दुकानात. मग पितृपक्षाचाच धडा पुढे चालवला आणि अमावास्या धरली. त्या दिवशी कुणी नवं गाणं सुरू करत नाही, गायक येत नाहीत, खोल्या रिकाम्या. मंडपवाले मामाही अमावास्येला मोकळे असतात. कर्णा घेऊन स्वतःच येतात, एका कोपऱ्यात बसून पोराचं गाणं ऐकतात, आणि भाडं विचारलं की म्हणतात, "आज कोण नेणार हाय त्याला? वाजू द्या."